शिवराई नाण्यांचे फिल्मवर क्लोजअप: एक्स्पोजरच्या नोंदी

काकांकडे साताऱ्याला शिवराई नाण्यांचा एक डबा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडायला लागलेली ही तांब्याची नाणी पुढे कित्येक टांकसाळींत पाडली गेली, त्यामुळे डब्यातली कुठलीही दोन नाणी सारखी नाहीत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, पण अक्षरांची वळणे वेगळी, ठसा कुठे मधोमध तर कुठे काठावरून घसरलेला. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात त्याच मापाची छापील प्रतिमा असावी, अशी काकांची इच्छा आहे. नाणे वीस मिलिमीटरचे असेल तर प्रतिमाही वीस मिलिमीटरचीच. निगेटिव्हवर नाणे नेमके मूळ आकारात आले, की एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापायचे यंत्र) न वापरता तिची सरळ कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह कागदाला टेकवून केलेली प्रिंट, काढता येते. म्हणून हे सगळे काम १:१ प्रमाणात आणि कृष्णधवल फिल्मवर.

साहित्य: मीटर बंद पडलेला एक जुना मेकॅनिकल एसएलआर, मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८, सोबत लेन्स आणि कॅमेरा यांच्यात बसणारी २७.५ मिमीची पीके-१३ ट्यूब, हातात धरायचे लाइटमीटर, इल्फर्ड एफपी४ प्लस (आयएसओ १२५), डी-७६ डेव्हलपर. हे लेन्स एकटे १:२ पर्यंत जाते, ट्यूब लावली की १:१. ज्यांच्या कॅमेऱ्याचे मीटर लेन्समधून आलेला प्रकाश मोजते त्यांना पुढची बरीच उठाठेव करावी लागणार नाही, रेसिप्रोसिटीचा (लांब एक्स्पोजरला फिल्म सुस्तावते त्याचा) भाग मात्र त्यांनीही वाचावा.

७ डिसेंबर

एन्लार्जरचे डोके उतरवून त्याच्या खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवला. खांब जड आहे, वरखाली करायची मूठही गुळगुळीत फिरते. कॉपी स्टँड विकत घ्यायची गरज उरली नाही.

कॅमेरा पाटाला समांतर आहे की नाही हे पाण्याच्या लेव्हलने पाहिले, पण समाधान झाले नाही. पाटावर सपाट आरसा ठेवून व्ह्यूफाइंडरमधून पाहायचे आणि लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवायचा, ही जुनी रीत जास्त खात्रीची. १:१ ला एफ/११ वर (एफ आकडा मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) फोकसमध्ये स्पष्ट येणारी जाडी जेमतेम १.३ मिमी मिळते. कॅमेरा किंचित तिरका राहिला तरी नाण्याची एक कड त्या बाहेर जाते.

पार्श्वभूमीला काळे मखमल. नाणे त्यावर थेट ठेवले की मखमलीचे तंतूही स्पष्ट दिसतात, म्हणून इंजेक्शनच्या बाटलीचे रबरी बूच खाली ठेवून नाणे उचलले. बूच नाण्यापेक्षा लहान हवे, म्हणजे ते फ्रेममध्ये दिसत नाही.

८ डिसेंबर

पहिला रोल फक्त चाचणीसाठी. हजाराच्या आसपासचा रोल चाचणीत घालवायला जिवावर येते, पण पुढचे सगळे याच रोलवर उभे राहणार आहे.

आजच्या रोलवर नाणे नाही. १८ टक्क्यांचे ग्रे कार्ड एकाच दिव्याखाली ठेवून तीन अंतरांवरून घेतले: लांबून (सुमारे १:१०), मग १:२, मग १:१. मीटरने सांगितलेले एक्स्पोजर तिन्हींना तेच ठेवले, जवळून घेताना फिल्मला कमी पोचणाऱ्या उजेडाची दुरुस्ती मुद्दाम केली नाही. त्यानंतर तीच तीन अंतरे दुरुस्तीसह. सगळी गणिते बरोबर असतील तर दुरुस्तीवाल्या तिन्ही फ्रेममधला करडा रंग एकसारखा दाट यायला हवा. डेन्सिटोमीटर (निगेटिव्हचा दाटपणा मोजणारे यंत्र) माझ्याकडे नाही, शेजारी शेजारी ठेवलेल्या निगेटिव्ह लाइटबॉक्सवर डोळ्यांनी पाहणे एवढेच हाताशी आहे, आणि अर्ध्या स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) डोळ्याला नक्की कळतो.

९ डिसेंबर

रोल धुतला. डी-७६ एकास एक पाण्यात, २० अंश, ११ मिनिटे. डिसेंबरात पहाटे नळाचे पाणी २० च्या जवळ मिळते, दुपारी गच्चीवरच्या टाकीतले चढलेले असते. म्हणून डेव्हलपिंग पहाटेच.

दुरुस्ती न केलेल्या फ्रेममध्ये १:१० आणि १:१ यांच्यातला फरक दुरूनही दिसतो. १:१ ची निगेटिव्ह इतकी पातळ की करड्याच्या जागी जवळजवळ नुसता बेस, म्हणजे रिकामी फिल्म, दिसतो.

याचे कारण सरळ आहे. लेन्सवरचा एफ आकडा ते अनंतावर फोकस केलेले असतानाचा असतो, तेव्हा ५५ मिमीचे लेन्स फिल्मपासून ५५ मिमीवर असते. १:१ साठी ते ११० मिमीवर जाते. अंतर दुप्पट, प्रकाश चौथाई. म्हणजे रिंगवर एफ/११ असला तरी फिल्मला पोचतो तो एफ/२२ एवढाच. हातातले मीटर नाण्यावर किती उजेड पडतो ते अगदी बरोबर सांगते, लेन्स फिल्मपासून किती लांब गेले हे त्याला कळायला मार्ग नाही.

गुणक काढायचा असा: प्रमाणात एक मिळवा आणि त्या बेरजेचा वर्ग करा. १:१ म्हणजे १, त्यात १ मिळवले की २, त्याचा वर्ग ४. १:२ म्हणजे ०.५, मिळवून १.५, वर्ग २.२५. मीटरने दिलेल्या वेळेला या गुणकाने गुणायचे. खांबावर चिकटवलेला कागद असा:

१:१० – १.२१ पट, पाव स्टॉपच्या आसपास
१:४ – १.५६ पट, दोन तृतीयांश स्टॉप
१:२ – २.२५ पट, एक स्टॉप आणि वर थोडे
३:४ – ३.०६ पट, दीड स्टॉपपेक्षा किंचित जास्त
१:१ – ४ पट, दोन स्टॉप
१.५:१ – ६.२५ पट, अडीच स्टॉपपेक्षा जास्त
२:१ – ९ पट, तीन स्टॉप आणि वर थोडे

दुरुस्तीसह घेतलेल्या १:१० आणि १:२ च्या फ्रेम एकमेकींशी जुळल्या. १:१ ची मात्र या दोघींपेक्षा थोडी पातळ. अर्धा स्टॉप असेल. गणित चूक नाही, मग उजेड कुठे गेला?

१४ डिसेंबर

उत्तर मिळायला पूर्ण संध्याकाळ गेली. या लेन्सने १:१ ला गेल्यावर लेन्सचे टोक आणि नाणे यांच्यात पाच-सहा सेंटिमीटर जागा उरते. त्या फटीत मीटर मावत नाही. म्हणून कॅमेरा वर उचलायचा, नाण्याच्या जागी मीटर ठेवून वाचायचे, कॅमेरा पुन्हा खाली आणायचा, असे चालले होते. पण दिवा बराच वरून होता, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणलेला, म्हणजे उजेड सगळीकडून येणारा. कॅमेरा खाली आला की लेन्स आणि ट्यूब मिळून त्यातला बराच उजेड अडवत होते. मीटरने वाचलेला उजेड शटर उघडताना तिथे नव्हताच.

खात्री करायला लेन्सच्याच जाडीची काळ्या पुठ्ठ्याची नळी करून ती मीटरच्या वर लेन्सच्या उंचीला धरली. वाचन अर्ध्या स्टॉपपेक्षा थोडे जास्तच उतरले.

उपाय प्रकाशातच करावा लागला. दिवा खाली आणला, नाण्याच्या पातळीच्या थोडासा वर, बाजूने. आता किरण लेन्सच्या खालून तिरपे जातात आणि लेन्सची सावली नाण्यावर पडत नाही. तिरप्या उजेडाने अक्षरांचा उठावही चांगला दिसतो, तेव्हा हे दुहेरी फायद्याचे झाले. एकच काळजी घ्यायची: दिवा फोटोच्या वरच्या डाव्या अंगाला हवा. खालून उजेड दिला की उठावाची अक्षरे खोलगट दिसायला लागतात. वरून उजेड येतो असेच डोळा धरून चालतो. ‘श्री’ जमिनीत कोरल्यासारखा दिसत असेल तर नाणे नव्हे, दिवा फिरवा.

समोरच्या बाजूला पांढऱ्या कार्डाचा छोटा तुकडा, सावल्या अगदी काळ्याठिक्कर होऊ नयेत म्हणून.

१५ डिसेंबर

प्रमाण नक्की किती आहे, हे मोजायची पद्धत बदलली.

लेन्सच्या नळीवर प्रमाणाचे आकडे कोरलेले असतात आणि बहुतेक कामाला ते पुरतात. पण इथे प्रिंट मूळ मापाची हवी, म्हणून स्टीलची पट्टी फ्रेममध्ये ठेवून पाहिली. फ्रेमची लांबी ३६ मिमी, तेव्हा १:१ ला पट्टीचे ३६ मिमी दिसायला हवेत. व्ह्यूफाइंडरमध्ये त्यापेक्षा कमी दिसले. यात लेन्सचा दोष नाही: अशा बहुतेक एसएलआरचा व्ह्यूफाइंडर पूर्ण फ्रेम दाखवतच नाही, कडेचा थोडा भाग कापतो. व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यावरून प्रमाण काढले तर ते खऱ्यापेक्षा जास्त येते. एक्स्पोजरमध्ये त्याने फार बिघडत नाही, एक दशांश स्टॉप इकडे तिकडे. मापात मात्र वीसच्या जागी साडेअठराचे नाणे छापले जाईल.

खरे पाहायचे तर रोल भरण्याआधी कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा, शटर बी वर ठेवून उघडे धरा आणि खोलीत अंधार करा. कागदावर पूर्ण फ्रेम उमटते, पट्टीच्या खुणांसकट. कागद किंवा बोट शटरच्या पडद्याला लागता कामा नये. ती प्रतिमा दुसऱ्या पट्टीने मोजायची. दहा मिमीच्या दहा भरल्या की १:१.

यानंतरचा नियम या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडला आहे: फोकस रिंगला हात लावायचा नाही. रिंग १:१ वर नेऊन तिथे चिकटपट्टी लावली आणि फोकस खांबाची मूठ फिरवून, आख्खा कॅमेरा वरखाली करून साधला. नाणी कमीजास्त जाडीची आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी फोकस बदलावा लागतोच. तो रिंगने बदलला तर प्रमाण बदलते, प्रमाण बदलले की गुणक बदलतो, आणि वहीतले सगळे आकडे नव्याने मांडावे लागतात. कॅमेरा हलवला तर गुणक चारच राहतो.

२१ डिसेंबर

पहिली खरी नाणी. मीटरचे वाचन एफ/११ ला १ सेकंद. चारपट म्हणजे ४ सेकंद. पण एवढ्या लांब एक्स्पोजरला फिल्म सुस्तावते, ४ सेकंद उघडी ठेवली तरी ४ सेकंदांचे फळ देत नाही. एक सेकंदाच्या पुढे वेळ वाढवावीच लागते. इल्फर्डने एफपी४ प्लससाठी १.२६ हा घातांक दिला आहे, मोजलेल्या वेळेचा तेवढा घात करायचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होते. खांबावर दुसरा कागद:

२ सेकंद – २.४
४ सेकंद – ५.७
८ सेकंद – १३.७
१६ सेकंद – ३३

दुसरी फिल्म असेल तर हा कागद चालणार नाही. एचपी५ प्लसचा घातांक १.३१ आहे, डेल्टा ४०० चा १.४१, म्हणजे तिथे १६ सेकंदांचे जवळजवळ ५० होतात.

क्रमाचा प्रश्न इथे आला. चुलतबहीण वेळ लिहून घ्यायला बसली होती. एका नाण्याचा ठसा तिरका खोल गेला होता म्हणून एफ/१६ घेतले, वाचन २ सेकंद. तिने आधी रेसिप्रोसिटी लावली, २ चे २.४, मग चारपट, ९.६ सेकंद. मी आधी चारपट केली, ८, मग घात, १३.७. “दादा, गुणाकारच तर आहे, आधी काय न् नंतर काय?” हा तिचा प्रश्न रास्त होता. दोन्ही फ्रेम घेतल्या.

२२ डिसेंबर

तिच्या क्रमाची फ्रेम अर्धा स्टॉप पातळ आली. फिल्मला मीटरचे २ सेकंद कधी दिसतच नाहीत. नळी लांबल्यामुळे उजेड मंद झाला, त्या मंद उजेडात ८ सेकंद लागणार आहेत, आणि सुस्ती येते ती त्या ८ सेकंदांवर. म्हणून आधी लेन्सच्या अंतराची दुरुस्ती, मग फिल्मची. फिल्टर लावला असेल तर त्याचा गुणकही रेसिप्रोसिटीच्या आधी. बहिणीने वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहून ठेवले.

एफ/२२ ची एक फ्रेम घेऊन पाहिली होती, सगळे नाणे स्पष्ट यावे म्हणून. प्रत्यक्षात तो एफ/४४ होतो. अक्षरांच्या कडा भुरकट झाल्या, काठावरचे ठिपके एकमेकांत मिसळले. विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) जे जाते ते कुठल्याच प्रिंटिंगने परत येत नाही. या नाण्यांसाठी एफ/११ ठरवले, फार उठाव नसेल तर एफ/८.

२८ डिसेंबर

संध्याकाळी वाचन सारखे बदलत राहिले. आज कामासाठी १०० वॉटचा साधा बल्ब लावला होता, त्याचा उजेड नाण्यावर छान लागतो म्हणून. सातच्या पुढे शेजारपाजारचे गिझर आणि पंप सुरू झाले आणि व्होल्टेज उतरले. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो, २३० चे २१० झाले की उजेड पाऊण पटीवर येतो, जवळपास अर्धा स्टॉप गेला. एका नाण्याची पुढची बाजू साडेसहाला आणि मागची साडेसातला घेतली होती, दोन्ही निगेटिव्ह वेगळ्या दिसतात. ती नाणी परत घ्यावी लागणार.

शंभर रुपयांचा एलईडी बल्ब आणून लावला. व्होल्टेज थोडे खालीवर झाले तरी चांगल्या एलईडीचा उजेड हलत नाही. तरीही दर चार नाण्यांनंतर मीटरने पुन्हा वाचायचे, हे ठरवून टाकले.

४ जानेवारी

डब्यातले एक नाणे कोणीतरी कधीकाळी चिंचेने घासून लख्ख केले आहे. बाकीची गडद तपकिरी, काही हिरवट काळी. काकांना शंका होती की चकचकीत नाण्याला वेळ कमी द्यावी लागेल. मीटर नाण्यावरून परतणारा उजेड मोजत असते तर तसेच झाले असते: काळ्या नाण्याला जास्त, लख्ख नाण्याला कमी, आणि छापल्यावर दोन्ही सारखीच करडी दिसली असती. आपण नाण्यावर पडणारा उजेड मोजतो, त्यामुळे दोघांना एकच एक्स्पोजर आणि निगेटिव्हवर काळे काळे, लख्ख लख्ख. घासलेल्या नाण्यावर दिव्याची चमक जिथे थेट लेन्सकडे येते तिथे पांढरा डाग पडतो, तो एक्स्पोजरने जात नाही. ट्रेसिंग पेपर दिव्यापासून दूर, नाण्याच्या जवळ आणला तेव्हा डाग पसरून सौम्य झाला.

उरलेली नाणी घासू नका, एवढे मात्र घरात सगळ्यांना निक्षून सांगितले आहे. वर्षानुवर्षांत चढलेला थर एकदा गेला की गेला, आणि नाण्याची किंमतही त्याबरोबर जाते.

५ जानेवारी

मित्राकडून १०५ मिमीचे ऑटोफोकस मॅक्रो आणले. नाण्यापासून लांब राहता येते, दिव्याला भरपूर जागा मिळते, सावलीचा प्रश्नच मिटतो.

इथे गुणक काढायची दुसरी रीत फसली. काही जण लेन्स किती पुढे गेले ते मोजून त्यावरून गुणक काढतात: फिल्मपासूनचे अंतर भागिले फोकल लेंग्थ, आणि त्याचा वर्ग. ५५ मिमीला ते चपखल बसते, ११० भागिले ५५. या १०५ मध्ये जवळ फोकस करताना आतली भिंगे सरकतात आणि फोकल लेंग्थच कमी होते. लेन्स जेवढे लांबताना दिसते त्यावरून काढलेला गुणक खऱ्यापेक्षा कमी येतो. प्रमाणावरून काढलेला चारचा गुणक इथेही जवळपास बरोबर ठरला, ग्रे कार्डाच्या फ्रेम जुळल्या. आधुनिक मॅक्रो लेन्स असेल तर पट्टीने प्रमाण मोजा, नळीची लांबी मोजत बसू नका.

निकॉनच्या ऑटोफोकस बॉडीवर हे लेन्स लावले तर एफ आकडा जवळ जाताना आपोआप बदलताना दिसतो, कारण कॅमेरा प्रत्यक्ष उजेडाचा आकडा दाखवतो. तो आकडा हातातल्या मीटरवर घालायचा असेल तर वर पुन्हा चारपट करू नये, दुरुस्ती त्यात आधीच झालेली असते. माझ्या मेकॅनिकल बॉडीला हे लागू नाही.

काम ५५ वरच पुढे नेले. तिरप्या उजेडाची मांडणी आता बसली आहे.

११ जानेवारी

एफ/११, ६ सेकंद, हे बहुतेक नाण्यांचे ठरलेले एक्स्पोजर. शटरचा आणि आरशाचा धक्का टाळायला लेन्ससमोर काळे कार्ड धरायचे, बी वर शटर उघडायचे, थरथर थांबू द्यायची, कार्ड बाजूला, सहा मोजायचे, कार्ड परत पुढे, मग शटर बंद. लाकडी मजल्यावर कोणी चालले तर फ्रेम वाया जाते. काकूंनी त्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर यायचे नाही असे ठरले, आणि त्यांनी ते पाळलेही.

कॉन्टॅक्ट प्रिंट काढली. रिकाम्या फिल्मचा कडेचा भाग कागदावर पूर्ण काळा यायला जेवढी कमीत कमी वेळ लागते तीच सगळ्या निगेटिव्हना दिली. त्या वेळेवर नाणी नीट आली तर एक्स्पोजर बरोबर. डिसेंबरातल्या वरून दिलेल्या उजेडाच्या फ्रेम गढूळ काळ्या, तिरप्या उजेडातल्या सगळ्या स्वच्छ. प्रिंटवर नाणे ठेवून पाहिले, कडेला कड जुळते.

१८ जानेवारी

काही दुदांडी (दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवराईंच्या अक्षरांचे तपशील मोठे हवेत, १.५:१. त्यासाठी लेन्स फिल्मकडून आणखी पुढे न्यावे लागते, एकूण ८२.५ मिमी वाढ, म्हणजे आणखी ट्यूबा किंवा बेलोज (घड्यांची, लांबवता येणारी नळी). गुणक ६.२५. एफ/८ ला मीटरचे १ सेकंद, ते झाले ६.२५, रेसिप्रोसिटी लावून १०. एफ/८ चा प्रत्यक्ष एफ/२० होतो, त्यापेक्षा बारीक जायचे नाही.

बेलोजवर प्रमाण चिकटपट्टीने बांधता येत नाही, म्हणून प्रत्येक मांडणीला पट्टीची एक फ्रेम आधी घेतली आहे. निगेटिव्हवरची पट्टी मोजून गुणक पुन्हा तपासायचा. परत घ्यायची नाणी आणि हे तपशील एकाच रोलवर बसतील. व्होल्टेजमुळे बिघडलेल्या नाण्यांची पाकिटे काकांनी वेगळी काढून ठेवली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात.